प्लाझ्मा आणि फ्यूजनसाठी संगणन शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

परिवलन (धागाकर्ता)

नमस्कार. भौतिकशास्त्रात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू) आणि फ्यूजन (हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं) यांतच काम करायचं हे मनाशी पक्कं आहे. प्रयोगापेक्षा सिम्युलेशनकडे ओढा जास्त आहे, पण संगणनाचं शिक्षण म्हणाल तर पायथनचा एक पेपर, बस.

गेल्या आठवड्यात स्वतःहून एक प्रयत्न केला. एकसमान चुंबकीय क्षेत्रात एक प्रोटॉन सोडला. प्रत्येक टाइमस्टेपला त्वरण काढायचं, ते वेगात मिळवायचं, वेग स्थानात मिळवायचा. वर्तुळ यायला हवं होतं, आला बाहेर बाहेर जाणारा मळसूत्री मार्ग. मोजून पाहिलं तर दर फेरीला त्रिज्या जवळजवळ १.३७ पट होत होती. टाइमस्टेप दहापट लहान केला तरी दर फेरीला ३ टक्के वाढ उरलीच. शेवटी लायब्ररीतला तयार सॉल्व्हर वापरला आणि वर्तुळ नीट आलं. पण का आलं ते कळलं नाही, आणि तेच मनाला लागून राहिलंय.

प्रश्न असे: भाषा कोणती शिकू? न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस किती खोल लागतं? स्वतःचे कोड लिहायचे की मोठे तयार कोड चालवायला शिकायचं? आणि मशीन लर्निंगमुळे हे सगळं लवकरच जुनं होणार, असं वर्गातले मित्र म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

दशांश

भाषेपुरतं सांगतो. आत्ता पायथनच, पण फॉर लूप कमी आणि नमपाय या गणिती लायब्ररीचे अ‍ॅरे जास्त. त्यानंतर कंपाइल होणारी एक भाषा. ती कोणती, हे तुम्ही ज्या गटात जाल तिथला कोड ठरवेल. प्लाझ्माच्या तयार कोडांपैकी इपॉक फोरट्रानमध्ये आहे, बाउट++ आणि वॉर्पएक्स सी++ मध्ये. एक भाषा मनापासून शिकलात तर दुसरी दोन-तीन महिन्यांत हाताला बसते. गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) मात्र आजपासून वापरा, दोनशे ओळींच्या कोडलासुद्धा. 'परवा चालत होतं' हे वाक्य त्याशिवाय सिद्ध करता येत नाही.

विरलवायू

परिवलन, तुमच्या चारही प्रश्नांपेक्षा मला ते फुगत जाणारं वर्तुळ जास्त मोलाचं वाटलं. ते तसंच सोडून पुढे जाऊ नका.

चुंबकीय क्षेत्र कणावर कार्य करत नाही, नुसती वेगाची दिशा वळवतं. म्हणजे ऊर्जा तसूभरही बदलायला नको. तुम्ही वापरलेली ऑयलरची पद्धत स्पर्शरेषेवरून पाऊल टाकते, आणि स्पर्शरेषेवरचं पाऊल कायम वर्तुळाच्या बाहेरच पडतं. गिरकीची कोनीय वारंवारता गुणिले टाइमस्टेप हा गुणाकार ०.१ असेल, तर ऊर्जा दर पावलाला १ टक्क्याने वाढते. एका फेरीत अशी साधारण ६३ पावलं. तुमचा १.३७ इथूनच आला आहे, कागदावर करून बघा.

आता साधी चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत स्वतः लिहा. तिथे चूक उलट्या बाजूला जाते, ऊर्जा गळते. तोच गुणाकार ०.३ ठेवलात तर गळती दर पावलाला एक लाखांश. एवढ्याने काय होतंय असं वाटतं, पण पाच हजार फेऱ्यांत निम्म्याहून जास्त ऊर्जा गेलेली असते. ५ टेस्लाच्या क्षेत्रात ड्यूटेरॉन सेकंदाला ३.८ कोटी फेऱ्या मारतो. म्हणजे या पाच हजार फेऱ्या सेकंदाच्या सात-आठ हजाराव्या भागातच संपतात. टोकामॅकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात, ऊर्जा किती वेळ टिकते हे याच कोडने शोधायला निघालात, तर उत्तरात प्लाझ्मा नसेल, तुमची पद्धत असेल.

म्हणून आमच्याकडे बोरिसची पद्धत वापरतात, १९७० सालची. विद्युत क्षेत्राचा अर्धा धक्का द्यायचा, मग वेगाचा सदिश चुंबकीय क्षेत्राभोवती निव्वळ फिरवायचा, मग उरलेला अर्धा धक्का. फिरवल्याने सदिशाची लांबी बदलत नाही, त्यामुळे नुसत्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा जागच्या जागी राहते, कोटी पावलांनंतरही. म्हणून ती पद्धत निर्दोष आहे असं नाही. ०.३ च्या गुणाकाराला कण दर फेरीत पाऊण टक्का मागे पडतो. पण गिरकीत कण नेमका कुठे आहे याची आपल्याला क्वचितच पर्वा असते, ऊर्जेची नेहमी असते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच: न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस इतकं यायला हवं, की आपली पद्धत कोणती चूक करते आणि ती चूक या प्रश्नात परवडते का, हे तुम्हाला सांगता यावं.

दुसरं काम म्हणून एका मितीतलं व्लासॉव समीकरण घ्या; कुठल्या जागी कुठल्या वेगाचे किती कण आहेत हे काळानुसार कसं बदलतं, ते हे समीकरण सांगतं. लांडाऊने १९४६ मध्ये गणिताने दाखवलं की टकरी नसलेल्या प्लाझ्मातसुद्धा लहर विरत जाते. प्रयोगशाळेत ते नीट दिसायला १९६४ उजाडलं. तुम्हाला ते घरच्या लॅपटॉपवर मिनिटभरात दिसतं, आणि मला अजूनही दर वेळी त्याचं अप्रूप वाटतं. वेग औष्णिक वेगात मोजा, लांबी डिबाय लांबीत (ज्या अंतरापलीकडे एका भाराचा प्रभाव झाकला जातो ते अंतर), काळ प्लाझ्मा वारंवारतेच्या (इलेक्ट्रॉनांच्या नैसर्गिक आंदोलनाच्या वारंवारतेच्या) व्यस्तात. पेटीची लांबी ४ पाय (π), म्हणजे तरंगसंख्या ०.५. घनतेत १ टक्क्याची लाट द्या. वेगाची जाळी उणे ६ ते अधिक ६, तीत ६४ घरं. चेंग आणि नॉर यांची १९७६ ची विभाजन पद्धत वापरा: आधी स्थानात सरकवायचं, मग वेगात, मग पुन्हा स्थानात. उत्तर ठाऊक आहे: वारंवारता १.४१६ आणि विरण्याचा दर ०.१५३.

इथे मी स्वतः तीन आठवडे अडकले होते. माझा दर यायचा ०.३०७. इंटरपोलेशन दोनदा नव्याने लिहिलं, भारावरून क्षेत्र काढणारा पॉयसन सॉल्व्हर तपासला, चिन्हं तपासली. कोड पहिल्या दिवसापासून बरोबर होता. मी आलेख काढत होते क्षेत्राच्या ऊर्जेचा, आणि ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणून दुप्पट दराने विरते. त्या तीन आठवड्यांचं मला वाईट वाटत नाही. उत्तर आधीपासून माहीत नसतं तर ०.३०७ हाच आकडा मी प्रबंधात लिहिला असता.

तसंच पुढे चालू ठेवा. काळ ६७ च्या आसपास आला की विरलेली लहर परत वर उठेल. ते भौतिकशास्त्र नाही. वेगाची जाळी तुटक आहे, त्यामुळे विखुरलेल्या कला (फेज) ठरावीक काळाने पुन्हा जुळतात. तो काळ म्हणजे २ पाय भागिले तरंगसंख्या आणि जाळीतलं अंतर यांचा गुणाकार. ६४ ची १२८ घरं करा, पुनरागमन १३४ वर जाईल. स्वतःच्या हाताने हे एकदा करा, म्हणजे पुढे कुठल्याही आलेखात काही उसळलेलं दिसलं की पहिला संशय जाळीवर येईल.

हा संशय मला फार उशिरा आला, म्हणून इतकं सांगतेय. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पार्टिकल-इन-सेल कोड चालवत होते, ज्याला आम्ही नुसतं पिक म्हणतो. लाखो कण सोडायचे, त्यांचा भार जाळीवर वाटायचा, जाळीवर क्षेत्र काढायचं, ते परत कणांना द्यायचं. माझ्या सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन हळूहळू तापत होते. मला वाटलं, काहीतरी नवं सापडलं. तापण्याची यंत्रणा काय असावी यावर चार पानं लिहून मार्गदर्शकांसमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि एकच विचारलं, "जाळी निम्मी करून पाहिलीस?"

पाहिली नव्हती. त्या रात्री जाळीच्या घराची लांबी निम्मी केली, तापणं कमी झालं. आणखी निम्मी केली, आणखी कमी. माझ्या जाळीचं घर डिबाय लांबीच्या दहापट होतं. घर इतकं मोठं असलं की जाळीला न दिसणाऱ्या आखूड लहरी लांब लहरींचा वेष घेऊन परत येतात आणि कणांना खोटे धक्के देत राहतात. प्लाझ्मा तापतो, तापला की डिबाय लांबी वाढते, आणि ती साधारण घराएवढी होईपर्यंत हे चालतं. चार पानं फाडली. तेव्हापासून जाळी आणि टाइमस्टेप निम्मे केल्याशिवाय मी कुणालाही एकही आलेख दाखवलेला नाही.

मग लहान घरं घेऊन अख्खा टोकामॅक का चालवत नाहीत? हा हिशोब तुम्ही स्वतः करावा असं मला मनापासून वाटतं. इटर या मोठ्या आंतरराष्ट्रीय टोकामॅकसारखं यंत्र धरा: घनता घनमीटरमागे दहाचा विसावा घात, तापमान १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, आकारमान ८०० घनमीटरच्या वर. डिबाय लांबी येते ७४ मायक्रोमीटर. तेवढ्या घरांनी यंत्र भरायचं तर सुमारे २,००० लाख कोटी घरं लागतात, आणि प्रत्येक घरात शेकडो कण. प्लाझ्मा वारंवारता सेकंदाला ५.६ गुणिले दहाचा अकरावा घात इतके रेडियन, म्हणजे एका सेकंदाच्या प्लाझ्मासाठी जवळपास ३ लाख कोटी टाइमस्टेप. हे कुठल्याच यंत्रावर होणार नाही.

तेव्हा प्रश्न बदलतो: मला कुठली हालचाल नको आहे? उष्णता बाहेर नेणारी खळबळ गिरकीच्या मानाने खूप संथ असते, आणि तिचे भोवरे आयनच्या गिरकीच्या त्रिज्येच्या काही पट. ५.३ टेस्लाला ती त्रिज्या सुमारे ३ मिलिमीटर. मग गिरकीचीच सरासरी काढून टाकायची. स्थानाच्या तीन आणि वेगाच्या तीन अशा सहा मित्यांच्या पाच होतात, डिबाय लांबी आणि प्लाझ्मा वारंवारता दोन्ही हिशोबातून जातात. हेच जायरोकायनेटिक्स, आणि जीएस२, जीन वगैरे कोड हेच सोडवतात. अख्खा प्लाझ्मा एकसंध हलतो, वाकतो, फाटतो, तो अभ्यास हवा असेल तर द्रव मानून मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्स. तिथली डोकेदुखी निराळी: चुंबकीय क्षेत्राचं डायव्हर्जन्स शून्यावर धरून ठेवायचं, आणि क्षेत्ररेषेच्या दिशेने उष्णता आडव्या दिशेच्या कोट्यवधी पट वेगाने धावते, ती जाळीच्या तिरकेपणामुळे आडवी झिरपू द्यायची नाही.

तयार कोड विरुद्ध स्वतःचा कोड: आधी स्वतःचे तीन लहान कोड, बोरिस, व्लासॉव आणि एक मितीचा पिक. प्रत्येक दोन-तीनशे ओळींचा. मग तयार कोडकडे जा. लाखभर ओळींच्या कोडमध्ये पहिल्याच दिवशी शिरणारी मुलं इनपुट फाइल भरायला शिकतात, आणि उत्तर चुकलं तर त्यांच्यापाशी विचारायला प्रश्नच नसतो. असे हुशार विद्यार्थी अडकलेले मी पाहिलेत, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतेय.

आरसाबिंदू

विरलवायू यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी प्रयोगाकडचा माणूस, चुंबकीय प्रोबच्या नोंदींवरून प्लाझ्माचा आकार काढणं हे माझं काम. आमच्याकडे येणाऱ्याने पिक लिहिला नाही तरी चालतं. त्याला ग्रॅड-शाफ्रानोव समीकरण मात्र हातचं हवं. दाब आणि चुंबकीय बल यांचा समतोल सांगणारं हे समीकरण दोन मित्यांचं आहे, पण उजवी बाजू स्वतः उत्तरावरच अवलंबून असल्यामुळे पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं. सोलोव्हेवची उकल त्याचं नेमकं उत्तर देते. दुसऱ्या क्रमाची पद्धत लिहा, सोलोव्हेवशी ताडून पाहा, जाळी निम्मी केली की चूक चौपट कमी व्हायला हवी. तिपटीने कमी झाली तर कुठेतरी सीमेवर घोळ आहे. पायथनमधला फ्रीजीएस हा मुक्त कोड त्यानंतर वाचा. तो चालवू नका, वाचा.

आणि एककं! कोडमध्ये तापमान केल्विनमध्ये की इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, हे प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर लिहा. १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ११,६०४ केल्विन. आमच्या गटात एकदा डेटाबेसमधून आलेलं तापमान अगोदरच किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये होतं, आणि आम्ही ते पुन्हा हजाराने भागलं. दाब हजारपट कमी आला, आलेखाचा आकार मात्र सुरेख दिसत राहिला. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

मशीन लर्निंगबद्दल: स्वित्झर्लंडमधल्या टीसीव्ही टोकामॅकवर प्लाझ्माचा आकार शिकलेल्या नियंत्रकाने धरून ठेवला, ते काम २०२२ मध्ये छापून आलं आणि ते खरोखर मोठं आहे. पण तो नियंत्रक शिकला कुठे? समतोलाचं समीकरण सोडवणाऱ्या सिम्युलेटरवर. तो सिम्युलेटर कुणीतरी लिहिला, तपासला, यंत्राशी जुळवून घेतला. मित्रांना हे सांगा.

विरलवायू

आरसाबिंदू, मान्य. मी माझ्या वाटेचा नकाशा सगळ्यांना दिला. आकाराकडे जाणाऱ्याने ग्रॅड-शाफ्रानोवपासून सुरुवात करावी, आणि त्याची ओढ स्टेलरेटरकडे (वाकड्या कॉइल्सनीच प्लाझ्मा कोंडणाऱ्या यंत्राकडे) असेल तर नक्कीच. जर्मनीतल्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरची ५० वाकडीतिकडी कॉइल्स संगणकाने शोधली नसती तर ती कुणाच्या हातून कागदावर उतरलीच नसती. माझा आग्रह फक्त एवढाच राहील, की पहिल्या कोडचं उत्तर आधी कागदावर असावं. सोलोव्हेव तेच करतो.

परिवलन

महिनाभराने परत आलोय. ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार.

बोरिस झाला. एक कोटी पावलांनंतर ऊर्जा बाराव्या दशांशापर्यंत तीच. ते बघून किती वेळ नुसता बसून राहिलो. लांडाऊचा दर ०.१५३ आला, ६७ वरचं पुनरागमनही दिसलं. मग तीच लाट पिकमध्ये बघावी म्हणून दर घराला १०० कण टाकले, तर गोंगाटाशिवाय काहीच दिसेना.

म्हणून पिकसाठी दोन समोरासमोरचे झोत घेतले, घनता सारखी, वेग उलट. अस्थिरता येते, अवस्था-अवकाशात (स्थान आणि वेग यांच्या आलेखात) भोवरेही सुंदर पडतात. पण वाढीचा दर ०.५ येतोय आणि कागदावर मला कमाल दर ०.३५४ मिळालाय. या वेळी क्षेत्राचाच आलेख घेतलाय, ऊर्जेचा नाही. जाळी निम्मी केली, टाइमस्टेप निम्मा केला, ०.५ हलत नाही. कुठे चुकतोय?

विरलवायू

१०० कणांचं आधी. गोंगाट कणसंख्येच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे घरामागे १०० कण असतील तर गोंगाट १० टक्के. तुमची लाट १ टक्क्याची, ती बुडणारच. कण सुरुवातीला सारख्या अंतराने आणि ठरवून दिलेल्या वेगांनी मांडा, मग दिसेल.

आता झोत. जाळी निम्मी करून आकडा हलला नाही म्हणजे तो जाळीचा नाही. कोडमध्ये प्रत्येक झोताची घनता १ धरली आहे का बघा. तसं असेल तर तुमचा काळ एका झोताच्या प्लाझ्मा वारंवारतेत मोजला जातोय, आणि त्या मापात कमाल दर बरोबर ०.५ येतो. कागदावर तुम्ही एकूण घनता घेतली असणार. ती दुप्पट, म्हणून वारंवारता १.४१४ पट. ०.५ भागिले १.४१४ करा.

परिवलन

०.३५४. हो, प्रत्येक झोताला १ च घेतली होती. कोडच्या पहिल्या ओळीवर आता लिहून ठेवलंय: 'काळ एका झोताच्या प्लाझ्मा वारंवारतेत'. पेटीची लांबीही त्याच मापात तपासली, कमाल दराची लहर ७.२६ ला बसते आणि माझी पेटी तेवढीच आहे. आज रात्री सारख्या अंतराने कण मांडून लांडाऊ पुन्हा करतोय, आलेख इथेच टाकतो.